बंदूक नंतर, आधी भरतीचं वेळापत्रक



जानेवारीत केंटला जायचा जो बेत शिजतो आहे त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

बेत असा की स्लाऊ-लँगलीतली सात-आठ कुटुंबं सकाळी सातला निघणार, एम २५ धरून नऊपर्यंत शेपी बेटाच्या आसपास पोचणार, गाड्या लावून बांधावरून खाली उतरणार, चिखलातून पाण्याच्या कडेपर्यंत चालत जाणार, पक्षी बघणार आणि तिथेच डबे उघडणार. त्यातच आपल्यातल्या दोघांना वाइल्डफाउलिंगची, म्हणजे खाजणातल्या रानबदकांच्या शिकारीची, हौस आली आहे. एकाने शॉटगन सर्टिफिकेटचा फॉर्मही भरायला घेतलाय. उत्साहाबद्दल काहीच म्हणणं नाही. वीकेंडला हाउन्सलो नाहीतर साउथॉलला किराणा भरण्यापलीकडे आपण काही करतो हेच खूप झालं :-)

पण माझं मत स्पष्ट आहे. चिखलात उतरायचा भाग जसा ठरलाय तसा करू नये. आणि ज्यांना शिकार शिकायची आहे त्यांनी पहिला अख्खा हंगाम बंदुकीशिवाय काढावा.

हे सांगणारा मी कोण? मी शिकारी नाही. माझ्याकडे बंदूक नाही आणि घेईन की नाही तेही ठरलेलं नाही. ऑफिसातला एक साठीचा सहकारी केंटमधल्या एका वाइल्डफाउलिंग क्लबचा जुना मेंबर आहे. तीन हिवाळे मी त्याच्या मागून चिखल तुडवतोय, दुर्बीण आणि थर्मास घेऊन. त्या तीन हिवाळ्यांत त्याने बंदूक उडवलेली मी फार कमी वेळा पाहिली. घड्याळ बघताना मात्र शेकडो वेळा पाहिलं.

"आपण कशाला पक्षी मारायचे?" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच उरकतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. इथे ती कायद्यात बसते, ठरावीक जातींची, ठरावीक महिन्यांत. ज्याला पटत नाही त्याने करू नये. एवढंच लक्षात आणून देतो की सलीम अलींची सुरुवात छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीपासून झाली, आणि १९४६ साली स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांचं केंद्र उभारणारे पीटर स्कॉट तरुणपणी कट्टर वाइल्डफाउलर होते. बंदुकीवरून वाद घालायला पुन्हा कधीतरी बसू. आत्ता प्रश्न पाण्याचा आहे.

माझं आजोळ दाभोळच्या खाडीकाठी. तिथे भरती-ओहोटी ही शाळेत शिकायची गोष्ट नव्हती, ती घड्याळासारखी घरात असायची. मामा तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, आणि तेव्हाचं उधाण मोठं. अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. बायका तिसऱ्या आणि कालवं काढायला सुकती बघून जायच्या आणि पाणी फिरलं की टोपली भरलेली असो नसो, उठायच्या. शास्त्र म्हणून कुणाला ठाऊक नव्हतं, पण चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येतो आणि त्याच्याबरोबर भरतीही सरकते, तेच हे गणित. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं.

हा ठोकताळा कोकणचा आहे, तो उचलून इथे लावू नका. प्रत्येक बंदराचं घड्याळ वेगळं. लंडन ब्रिजला पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी दोनच्या आसपास येते, तर नदीच्या मुखाशी, शीअरनेसला, त्याच्या तासाहून अधिक आधी. आता विचार करा. आपल्यातला कुणीतरी फोनवर "लंडन भरती" असं शोधणार, लंडन ब्रिजची वेळ बघणार आणि शेपीला जाऊन उभा राहणार. तासाभराचा हिशेब तिथेच चुकला. दुसरी भानगड टाइमझोनची. छापील तक्ते बहुतेक ग्रीनिच वेळेत असतात. बदकांचा हंगाम १ सप्टेंबरला सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळं उन्हाळी वेळेवर असतात. ज्या लोकांनी टाइमझोनच्या बगपायी रात्री जागवल्या आहेत त्यांना हे वेगळं समजावायला नको. फरक इतकाच, की इथे रोलबॅक नाही.

आणखी एक. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. इथले लोक बाराव्या भागांचा नियम वापरतात: एकूण चढ-उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. थेम्सच्या मुखाशी उधाणाला हा चढ-उतार पाच मीटरच्या आसपास असतो. दोन तासांत अडीच मीटर, दीड पुरुष उंची! आणि जमीन जवळजवळ सपाट असल्यामुळे पाणी वर चढण्यापेक्षा आडवं पसरताना दिसतं.

आता आपला शनिवार. तो पौर्णिमेचा आहे. त्या भागात उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास असते, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी सहा-सातला. आपण नऊला उतरणार. तेव्हा पाणी फिरून दोन-तीन तास झालेले असतील. नऊ ते अकरा हा नेमका तो तिसऱ्या-चौथ्या तासाचा पट्टा, आणि त्याच वेळी आपण पोराबाळांसकट पाण्याच्या दिशेने चालत जाणार. कुणी मुद्दाम वाईट वेळ शोधली असती तर यापेक्षा वाईट सापडली नसती.

यावर "पाणी दिसलं की मागे फिरू" असं उत्तर येईल. तेच खाजणात चालत नाही. खाजण म्हणजे जुहूची चौपाटी नव्हे. ते नागमोडी ओहोळांनी चिरलेलं असतं. पाणी आधी त्या ओहोळांतून आत शिरतं, तुमच्या पाठीमागे जातं आणि मग वर येतं. तुम्ही समोर समुद्राकडे बघत असता, समोर अजून दोनशे पावलं कोरडा चिखल असतो, आणि ज्या ओहोळात सकाळी घोट्याएवढं पाणी होतं त्यात आता छातीएवढं असतं. तळ मऊ चिखलाचा, काठ निसरडे. माझा सहकारी आत जाताना ओलांडलेला प्रत्येक ओहोळ मोजतो. "तीन ओलांडले," असं मोठ्याने म्हणतो, मलाही म्हणायला लावतो. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. आता मी आपणहून मोजतो.

तक्ता हाही अंदाजच असतो हे विसरू नका. हवेचा दाब उतरला की समुद्र चढतो, एक मिलिबारला साधारण एक सेंटिमीटर, आणि उत्तरेचा वारा नॉर्थ सीचं पाणी दक्षिणेला ढकलतो. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री अशाच वादळात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ माणसं गेली. तेवढं टोकाचं रोज होत नाही, पण तक्त्यातल्यापेक्षा अर्धा तास आधी आणि हातभर जास्त पाणी यायला वादळ लागत नाही, जोराचा वारा पुरतो.

"आम्ही कोकणातले, आम्हाला समुद्र नवा नाही." हे वाक्य मी गेल्या महिन्यात दोनदा ऐकलं. मुरुडचा समुद्रही कुणाला नवा नव्हता. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याच्या एका कॉलेजची सहल तिथे गेली होती आणि १४ मुलं-मुली बुडाली. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्याच वर्षी २४ ऑगस्टला इथे ससेक्समधल्या कॅम्बर सँड्सला लंडनचे पाच तरुण गेले. श्रीलंकेतल्या तमिळ घरांतली मुलं, सगळी विशी-पंचविशीतली, आपल्यासारखीच सुट्टीचा दिवस म्हणून गेलेली. लांबवर सपाट वाळू आणि मध्ये वाळूचे उंचवटे. अशा ठिकाणी माणूस उंचवट्यावर असतो आणि पाणी मागच्या खोलगटात भरतं. त्या दिवशी किनाऱ्यावर लाइफगार्ड नव्हते, पुढच्या वर्षी नेमले. आणि मोरकॅम्ब बे तर सगळ्यांना आठवत असेल: ५ फेब्रुवारी २००४, रात्रीच्या अंधारात शिंपले वेचणारे चिनी मजूर, किमान २१ मृत्यू. त्यांना कुणी भरतीची वेळ सांगितली नव्हती आणि ज्याने त्यांना तिथे नेलं त्याला पुढे १४ वर्षांची शिक्षा झाली. त्याच उपसागरातून लोकांना सुखरूप पलीकडे न्यायला राजाने नेमलेला वाटाड्या असतो, सोळाव्या शतकापासून. सेड्रिक रॉबिन्सन यांनी १९६३ पासून २०१९ पर्यंत हे काम केलं. ज्या देशात वाळूवरून चालायला सरकारी वाटाड्या लागतो, तिथे आपण गूगल मॅप्सच्या भरवशावर उतरणार.

पोहता येण्याचं म्हणाल, तर जानेवारीत तिथलं पाणी सहा-सात अंशांवर असतं. दाभोळला पोहलेल्या माणसाला याची कल्पनाच येत नाही. अंगाला असं पाणी लागलं की पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत श्वास ताब्यात राहत नाही, धाप लागते, आणि तेव्हाच नाकातोंडात पाणी जातं. त्यात जीन्स, जाड जॅकेट, गमबूट. आरएनएलआयवाले सांगतात ते त्यामुळेच: पडलात तर आधी पोहू नका, उताणे तरंगा, श्वास जागेवर येऊ द्या, मग काय ते करा.

आता जुना वाइल्डफाउलर काय करतो ते सांगतो, कारण हे शिकण्यासारखं आहे, बंदूक असो वा नसो.

तयारी आदल्या दिवशी घरी होते. त्या बंदराचा तक्ता, हवामान, वाऱ्याची दिशा बघायची आणि परतीची वेळ कागदावर लिहायची. ती वेळ किनाऱ्यावर गेल्यावर बदलत नाही, बदकं कितीही येवोत. नवख्यांसाठी त्याचा नियम सोपा आहे: पाणी उतरत असताना आत जायचं आणि ते फिरायच्या आधी बांधावर परत यायचं. तोच कागद त्याच्या बायकोकडे असतो: गाडी कुठे लावली, कुठल्या बाजूला गेलो, कितीपर्यंत फोन येईल, आणि नाही आला तर कितीला ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा. पोलीस नाही, कोस्टगार्ड. हा एक शब्द आपल्या घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. खाजणात फोनची रेंज जाते-येते, तेव्हा "रजिस्टर" असा एसएमएस आधीच ९९९ ला पाठवून नोंदणी करून ठेवा. पुढे अडचणीत नुसता एसएमएस पाठवूनही मदत मागता येते.

बरोबर काय? चुंबकी होकायंत्र, शिट्टी, दोन टॉर्च, पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत फोन, सुका कपडा, गरम काहीतरी, आणि खांद्याएवढी काठी. काठी सर्वात महत्त्वाची, पाऊल टाकायच्या आधी तळ चाचपायला. होकायंत्राची थट्टा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गेल्या वर्षी डिसेंबरात आम्ही बांधापासून अर्धा मैल आत होतो. आकाश स्वच्छ, वारा पडलेला. त्याने एकदम उठून सामान गुंडाळायला घेतलं. मला काहीच दिसलं नव्हतं. त्याला समुद्रावर करड्या रंगाची रेघ दिसली होती. आम्ही निम्म्या वाटेत असताना धुकं आलं आणि चार पावलांपलीकडे दिसेना. अशा वेळी आवाजही फसवतात, लाटांचा आवाज चारी बाजूंनी येतो. त्याने आत येतानाच बांधाची दिशा होकायंत्रावर बघून ठेवली होती. सुईवर नजर ठेवून तो चालत राहिला आणि आम्ही गाडीपासून तीसेक पावलांवर बाहेर निघालो. तो काही बोलला नाही, मीही नाही. फोनमधलं होकायंत्र चालतं, पण गारठ्यात बॅटरी केव्हा बसेल याचा नेम नाही आणि ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही.

पाय रुतला तर काय? सरळ वर ओढायचा नाही, दुसरा पाय आणखी खोल जातो. मागे रेलून बसायचं, जमल्यास पाठीवर पडायचं, म्हणजे वजन पसरतं. पाय हळूहळू हलवत सोडवायचा, बूट गेला तर जाऊ द्यायचा. दुसऱ्याने धावत जाऊन हात द्यायचा नाही. तो हात देणाराही रुततो. आधी फोन. कोस्टगार्डकडे चिखलातून काढणारी खास पथकं आहेत आणि साउथएंडला आरएनएलआयचं हॉवरक्राफ्ट आहे. त्यांना लवकर बोलावल्याने कुणी हसत नाही.

शिकारवाल्या दोघांसाठी थोडं वेगळं. शॉटगन सर्टिफिकेट थेम्स व्हॅली पोलिसांकडून मिळतं, त्यात डॉक्टरकडची माहिती लागते, घरी कुलूपबंद कपाट लागतं. ते मिळालं म्हणजे किनाऱ्यावर जाऊन बार काढता येतो असं नाही. इंग्लंडात भरती-ओहोटीच्या पट्ट्याला मालक असतो, बऱ्याचदा क्राउन इस्टेट, आणि परवानगी क्लबमार्फत मिळते. बीएएससी ही त्यांची जुनी संस्था, १९०८ साली स्टॅन्ली डंकन यांनी काढलेली. तिच्या सदस्यत्वात विमाही येतो. शिशाचे छरे पाणपक्ष्यांसाठी इंग्लंडात १९९९ पासून बंद आहेत. आणि पक्षी ओळखता आलाच पाहिजे, तोही पहाटेच्या अंधुक उजेडात, उडताना. नांदूर मधमेश्वरला हिवाळ्यात दिसणारे तलवार बदक आणि थापट्या इथे शिकारीच्या यादीत आहेत, पण सैबेरियाहून येणारा ब्रेंट हंस १९५४ पासून संरक्षित आहे, आणि तोच त्या खाड्यांत हजारोंनी असतो. ओळख नाही तर बार नाही. राहता राहिला चिखल: नळीत चिखलाचा गोळा अडकलेला असताना बार काढला तर नळी फुटते. म्हणून प्रत्येक घसरण्यानंतर काडतुसं काढून नळीतून आरपार बघायचं. ओहोळ ओलांडताना बंदूक रिकामीच. हे सगळं हातात मुरायला एक हंगाम लागतो, आणि तोवर भरती आणि वाट डोक्यात पक्की बसलेली असते. एकाच वेळी बंदूक, अंधार, पक्षी आणि पाणी यांच्याकडे लक्ष देणं नवख्याला जमत नाही. चारातली एक गोष्ट सुटते, आणि ती बहुतेक वेळा पाणी असते.

आता थोडं बोचेल असं. आपल्या सहलींत तीस माणसं असतात आणि जबाबदार कुणीच नसतं. डब्यांची यादी कुणाकडे, अंताक्षरी कोण घेणार, हे ठरतं. पोरं मोजायचं काम मात्र "सगळ्यांचं" असतं. मागे एका ट्रिपला निघायची वेळ पाऊण तासाने पुढे गेली कारण एक कुटुंब वाटेत कॉफीला थांबलं. दुकानात किंवा देवळात पाऊण तासाने काही बिघडत नाही. भरतीच्या तिसऱ्या तासात तोच पाऊण तास म्हणजे जवळजवळ मीटरभर पाणी. "एवढं घाबरवलंस तर मजा काय राहिली?" असं एका वहिनींनी फोनवर विचारलं. त्यांना म्हटलं, वहिनी, मजा बांधावरच जास्त आहे. ते खरंच आहे, आणि त्याचं कारण हे:

ओहोटीला पक्षी दूर चिखलात पांगलेले असतात, दुर्बिणीतूनही ठिपके दिसतात. उधाणाची भरती चढायला लागली की चिखल बुडतो आणि तेच पक्षी हजारोंनी बांधाकडे ढकलले जातात. आपण चालत त्यांच्याकडे जायचं कारणच नाही, पाणी त्यांना आपल्याकडे आणतं. म्हणून तारीख तीच ठेवू या, जागा आणि वेळ बदलू. फॅव्हरशॅमजवळचं ओअर मार्शेस हे शेपीच्या समोरच, स्वेल खाडीच्या अलीकडे आहे. केंट वाइल्डलाइफ ट्रस्टचं अभयारण्य, गाडी जवळ लागते, आणि भरतीच्या वेळी खाडीतले पक्षी उडून आतल्या तळ्यावर येऊन बसतात, रस्त्यावरूनही दिसतात. नऊऐवजी साडेदहाला पोचू. अकरा ते एक बांधावरून बघू, डबे गाड्यांपाशी. बांधाच्या खाली कुणीही उतरायचं नाही, मुलं तर नाहीच. ज्यांना चिखल तुडवायचाच आहे त्यांच्यासाठी मी सहकाऱ्याला विचारलं आहे. पुढच्या भांगाच्या शनिवारी ओहोटी दुपारच्या सुमारास आहे. तो सकाळी, पाणी उतरत असताना, चार मोठ्या माणसांना न्यायला तयार आहे. चारच, पाचवा नको म्हणाला.

मुलं मोजायचं काम मी घेतो. प्रत्येक गाडीने मला दोन गोष्टी गुरुवारपर्यंत कळवा: गाडीत किती जण, आणि घरी राहणारं कोण ज्याच्याकडे तो वेळेचा कागद ठेवायचा. कुणाकडे जास्तीचं होकायंत्र असेल तर आणा, चिखलवाल्या चौघांसाठी एक कमी पडतंय.

चू. भू. द्या. घ्या.